रिकामी बॅग

आई न्हाणीघरात घसरून पडली, तेव्हापासून लेकीच्या जिवाला घोर लागला होता. वर्षभर विनवण्या करून झाल्या. आज ती मोठी रिकामी बॅग घेऊनच आली.

"एकटीनं राहणं पुरे झालं आता. कपडे भर आणि माझ्याकडे चल."

आई गॅलरीत ताई-ची या चिनी व्यायामाचा सराव करत होती. पाण्यातून फिरावेत तसे तिचे हात संथ फिरत होते.

"अशा माशा हाकलून तोल सावरतो होय, आई?"

"मग लाव पैज. दोघी एका पायावर उभ्या राहू. माझा पाय आधी टेकला, तर मुकाट्यानं येते."

पंचाहत्तरीच्या बाईशी कसली पैज, असं मनात म्हणत लेकीनं पाय उचलला. थोड्याच वेळात तिची पोटरी थरथरू लागली. तोल गेला, तशी तिनं आईचा खांदा घट्ट धरला. खांदा तसूभरही हलला नाही. सायकल शिकताना ती असाच धरायची, आणि तेव्हाही तो हलला नव्हता.

आईचा पाय अजून हवेतच होता.

"बॅग आणलीच आहेस, तर राहा चार दिवस," ती म्हणाली. "शिकवते तुला."