क्षमाक्कांचं चित्र

“हे आमच्या वसूनंच काढलंय बरं का!” वसुमतीचे अण्णा, नरसिंहराव, म्हणाले आणि तिच्या हातातल्या उप्पिटाच्या बशा खडखडल्या.

भिंतीवर भलंमोठं कॅनव्हासचं चित्र होतं. विलायतेतल्या कुठल्याशा खेड्यातली अनवाणी पोरं हात धरून कुरणात पळताहेत, टोकाचा एक गवतात कोलमडलाय. जगप्रसिद्ध चित्राची हुबेहूब नक्कल. आणि वसुमतीला म्हणाल तर साधा आंबासुद्धा धड काढता येत नव्हता. चित्र शेजारच्या क्षमाक्कांचं. मुलगी बघायला कुणी येणार म्हटलं, की चामराजपेटेतली आपली माणसं कुणाकडून गालिचा आणत, कुणाकडून कपबशा, आणि क्षमाक्कांकडून हे चित्र. सगळं ‘मुलीच्या हातचं’! दोन नकार पचवलेल्या नरसिंहरावांनी या खेपेला तेच केलं. पाहुणे लांबचे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या मल्लेश्वरचे. त्यांना काय कळणार?

मुलगा विद्याधर विमानांच्या कारखान्यात इंजिनियर होता. वसुमतीला तो बघताक्षणी आवडला होता. हे स्थळ हातचं जाऊ नये, एवढंच तिला वाटत होतं.

विद्याधरची आई, अनुसूयाबाई, चित्रापुढे उभ्या राहिल्या त्या हलेचनात.

“कागद-पेन्सिल आणा बघू. बाळ, हे पडलेलं पोर काढून दाखव. स्वल्पच काढ.”

“अहो, उप्पीट निवतंय,” नरसिंहराव घाईघाईनं म्हणाले.

“निवू दे.”

कागद आला. आई वसुमतीच्या कानाशी लागली, “बोट कापलंय म्हण.” अण्णा डोळ्यांनी गयावया करत होते. वसुमतीनं पेन्सिल उचलली. बोट कापलंय म्हटलं तर आजचं निभेल. पण उद्या? परवा? आयुष्यभर कितीदा बोट कापायचं?

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

“मला चित्र काढता येत नाही. हे उसनं आणलंय.”

नरसिंहरावांनी कपाळाला हात लावला. संपलं! विद्याधर आईकडे बघत राहिला. वसुमती निवलेल्या उप्पिटाच्या बशा उचलायला वाकली.

अनुसूयाबाईंनी कागद बाजूला सारला आणि तिचा हात हातात घेतला.

“नरसिंहराव, पोरगी आमची झाली.”

“पण... ते चित्र...” नरसिंहराव चाचरले.

“ते मी दारातूनच ओळखलं. आम्ही आधी इथंच चामराजपेटेत राहायचो; माझ्या लेकीला, हेमलतेला बघायला आले, तेव्हा मीच नेलं होतं क्षमाक्कांकडून.” अनुसूयाबाईंनी चित्राकडे पाठ फिरवली. “तिला म्हटलं, विचारलं तर हो म्हण. ती बिचारी हो म्हणाली. सासरची माणसं अजून तिच्यापुढे कागद ठेवतात आणि हसतात.”