वाटणीतली डिस्क

पंचांनी चांगदेवच्या तोंडाला धडधडीत पानं पुसली होती, आणि निमगाव सावा गावात तो हे ज्याला त्याला सांगत सुटला होता. दोघा भावांचा आळेफाट्याचा व्हिडिओ स्टुडिओ मोडला, तेव्हा पंचांनी कॅमेरे, दिवे, खुर्च्या निम्म्या निम्म्या केल्या. कॉम्प्युटर उघडून त्यातल्या दोन डिस्कही एकेक वाटून टाकल्या. वारलेल्या आईचं एकुलतं एक शूटिंग त्यातच होतं. चांगदेवनं आपली डिस्क घरी लावून पाहिली, तर ती कोरी निघाली. म्हणजे भरलेली थोरल्या सोपानच्या पदरात घातली. आई जिवंत होती तेव्हा साय त्याच्याच वाटीत पडायची, आता मेल्यावर आईसुद्धा त्याच्याच घरी.

शेवटी तो डिस्क घेऊन फाट्यावर अनसच्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात गेला, तर बाकड्यावर सोपान आधीच बसलेला.

"माझीबी कोरीच हाय," सोपान भिंतीकडं बघत म्हणाला.

अनसनं कपाळाला हात लावला. "कोरी एकबी न्हाई, भाऊ. ह्या दोन मिळून एकच डिस्क व्हती. शूटिंगचा एक तुकडा हिच्यात, पुढचा तिच्यात, असं लिहिलेलं असतंय. दोन्ही ठेवून जा. जोडून बघतो, आई परत दिसंल."

सोपाननं डिस्क टेबलावर ठेवली. चांगदेवनं आपली छातीशी धरली.

"ठेवतो. पण आदी एवढं सांग, अनस. आई जास्त कुणाच्यात हाय? त्याच्या का माझ्या?"