पाच फुटांचा पलंग

माझ्या नवऱ्याने, शेखरने, जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅन विकत घेतली आणि वलगावच्या आमच्या अंगणात तिचा कॅम्पर करायला घेतला. मागच्या सीटा काढून प्लायवूड ठोकलं, छताला पंखा लावला, छोटा ओटा बसवला. पलंग मात्र एकच केला. मी टेप लावून मोजला, तर जेमतेम पाच फूट भरला. शेखर पावणेसहा फुटांचा, आणि मीही त्यात मावत नव्हते.

"हा कोनासाठी हाय?" मी विचारलं.

"आपल्यासाठी. चिखलदऱ्याले जाऊ ना."

"मंग पाय का खिडकीबाहेर ठेवसान?"

"तू काहून एवढी चौकशी करून राहिली? चहा ठेव."

पुढे दाराजवळ धरायला दांडी आली, खाली लाकडी पायरी आली. फोन आला की तो अंगणातून उठून रस्त्यावर जायचा. एकदा मी माझंच नाव ऐकलं, "गीतांजलीले अजून सांगू नका. मी न्यायले येतो." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

रविवारी तो एकटाच व्हॅन घेऊन गेला आणि संध्याकाळी परतला. मागच्या खिडकीचा पडदा एका बाईच्या हाताने सरकवला. मी सरळ दार उघडलं. आत पलंगावर माझी जेमतेम साडेचार फुटांची आई बसली होती. बाबा गेल्यापासून ती अकोल्यात एकटीच राहायची, आणि कितीही विनवलं तरी आमच्याकडे राहायला तयार नव्हती.



"जावयाच्या घरात मी राहत नाही म्हटलं," आई म्हणाली, "तर त्यानं हे गाडीच माह्या नावावर केली."