दोन प्रती

नकाशावरच्या निळ्या पूररेषेवर अधिकाऱ्याने पेन्सिल टेकवली. "आजी, तुमची नदीकाठची जागा अख्खी या रेषेच्या आत येते. तिथे घर बांधता येणार नाही."

"एक खोलीसुद्धा नाही?"

"नाही."

"पत्र्याची शेड?"

"तीही नाही."

"आणि वरून कोणाचा फोन आणला तर?"

"कोणाचाही आणा. परवानगी मिळणार नाही."

त्याने पाण्याचा ग्लास आजींपुढे सरकवला. इथवर आलं की माणसं एक तर रडायची, नाहीतर टेबलावर हात आपटायची. आजींनी मात्र पिशवीतून चष्मा काढला, त्या निळ्या रेषेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि समाधानाने मान हलवली.

"मग साहेब, हे सगळं लेखी द्या. सही-शिक्क्यानिशी. दोन प्रती."

"दोन कशाला?"

"मुलगे दोन आहेत. तिथे घर कोणी बांधायचं, यावरून वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत." आजींनी चष्मा मिटून पिशवीत ठेवला. "आता निदान एकत्र बसून तुम्हाला शिव्या घालतील."