मेक्सिकन रोल

"मी मेक्सिकोची," ती पोरगी म्हणाली, आणि जनार्दनचं उलथनं तव्यावर जिथल्या तिथे थांबलं.

ओमानमधल्या सोहारच्या त्या एवढ्याशा कॅफेटेरियात स्टील प्लँटमधली निम्मी मंडळी संध्याकाळी 'मेक्सिकन रोल' खायला यायची. नाव अर्बाबाचं, म्हणजे मालकाचं, रोल जनार्दनचा. पराठ्यात कोंबडी, तळलेले बटाटे, चीज आणि वरून गुहागरहून आईने धाडलेली सुक्या खोबऱ्याची लसूण घातलेली चटणी. मेक्सिको नकाशात कुठे असतो हे काही जनार्दनला ठाऊक नव्हतं. आजवर कधी गरजच पडली नव्हती. आता आली का पंचाईत!

पोरीचं नाव इनेस. एकटीच देश बघत हिंडत होती. सकाळी किल्ला पाहिला, मग मासळीबाजार, मग समुद्रकाठाने चालत चालत इथवर. उन्हाने नाक लालबुंद, पाठीवर तिच्याहून मोठी बॅग. तिने फलकावर बोट ठेवलं. "हेच द्या. घरचं खाऊन किती महिने झाले मला!"

"खलास," जनार्दन घाईघाईने म्हणाला. "मेक्सिकन खलास. शावर्मा घ्या, एकदम ताजा."

"खलास कसलं?" कोपऱ्यातून गजेंद्र ओरडला. हा प्लँटमधला इंजिनियर; रोजचा गिऱ्हाईक आणि रोजचा आगाऊ. "आत्ता मला दिलात की! जनार्दनभाऊ, घाबरलात होय? होऊन जाऊ दे."

"तू गप रे मेल्या," जनार्दन मराठीत पुटपुटला. पण सगळ्यांच्या माना आता तव्याकडे वळल्या होत्या. सुटका नव्हती. चटणी घालताना त्याने आधी हात आखडला. मग म्हटलं, बुडायचंच आहे तर मधोमध बुडू, आणि दोन चमचे जास्तच घातली.

इनेसने घास घेतला. चावता चावता थांबली. पुन्हा हळूहळू चावायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट झालं?"

तिने नकारार्थी मान हलवली. "हे मेक्सिकोचं नाही."

गजेंद्र फिस्सकन हसला. जनार्दनचे कान तापले. हसू दे त्याला, पण ही पोर केवढ्या आशेने आली होती! तिच्या तोंडात आपण खोटं घातलं, याचंच त्याला फार वाईट वाटलं.

"नाही गो बाय," तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला; 'गो बाय' तेवढं मराठीतच राहिलं. "मेक्सिको मला माहीतसुद्धा नाही. चटणी माझ्या आईची आहे. बाकीचं सगळं उगाच."

"ते कळलं मला," इनेस डोळे पुसत म्हणाली. "कुणाच्या तरी आईचं आहे ते कळलं. आता ती देते तसं द्या. उगाचचं काढून."

जनार्दन आत गेला आणि स्वतःच्या जेवणाचा डबा घेऊन आला. कागदात गुंडाळलेल्या चपात्या, चटणी. चटणीवर त्याने तेल ओतलं, बुक्कीने कांदा फोडला आणि सगळं तिच्यापुढे सरकवलं.

ती काही खाईना. तिने समोरची खुर्ची पायाने मागे सारली.

"आज दिवसभर लोकांनी मला खायला घातलं," ती म्हणाली. "खजूर, कॉफी, मासे. फार माया केली. पण जेवले मी एकटीच. तुम्ही बसा ना."

जनार्दन जरा घुटमळला. मग अॅप्रनला हात पुसून बसला. चपातीचा एक तुकडा तिने मोडला, एक त्याने.

तेवढ्यात बाहेर गाडी येऊन थांबली. गाडीतून न उतरता हॉर्न वाजवून ऑर्डर द्यायची, ही इथली रीतच. हॉर्न एकदा वाजला, दोनदा वाजला, मग वाजतच राहिला.

"गजेंद्रा," जनार्दन भरल्या तोंडाने म्हणाला, "जा रे, सांग त्यांना. म्हणावं थांबा थोडं, घरात पाहुणी आलीय."