पूजेचा मान

हौसामावशींनी नव्या मशीनला हळदकुंकू वाहिलं, तशा मागे उभ्या असलेल्या बायकांनीही हात जोडले. मसाल्याच्या पुड्या भरणारं हे मशीन सुरूच होऊ द्यायचं नाही, असं कालपर्यंत साऱ्याजणींचं ठरलं होतं. साहेबांनी मात्र आवाजही चढवला नाही. सगळ्यांत जुन्या कामगार म्हणून पूजेचा मान तेवढा मावशींना दिला.

पेढा घेताना साहेब हळूच म्हणाले, "मावशी, मशीनवर चौघी पुरतील. बाकीच्या उद्यापासून नकोत. कुणाला ठेवायचं ते तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतात त्या."

तेवढ्यात बायका पाया पडायला आल्या. "मावशी, तुमचा हात लागला, आता कसली भीती?"

मावशींनी एकेकीच्या डोक्यावर हात ठेवला, तोंडभर आशीर्वाद दिला. मग साहेबांकडे सरकून त्यांनी ठेवायच्या चौघींतलं पहिलं नाव सांगितलं, ते स्वतःचं.