आधी कारण, मग बूच

डॉक्टरने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. घड्याळजी तेवढंच बघत होता. बाटल्यांकडे त्याचं लक्ष नव्हतं.

टेबलावर तीन बाटल्या उभ्या होत्या, तिन्ही बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी तीनला, डॉक्टरच्या दवाखान्यावरच्या खोलीत हे चौघे मित्र जमत. प्रत्येकाने त्या महिन्यात घेतलेली व्हिस्की आणायची आणि हीच का घेतली ते सांगायचं. चौघांचं सांगून झाल्याशिवाय एकही बाटली उघडायची नाही. आधी कारण, मग बूच. हा नियम डॉक्टरनेच घातलेला. गुत्त्यात बसून ढोसतो तो बेवडा, आणि कारण सांगून पितो तो रसिक. चार शहाणी माणसं अकरा वर्षं एकमेकांना हे सांगत होती आणि एकमेकांचं खरंही मानत होती.

मास्तरांचं सांगणं चालू होतं. शाळेत रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झालेले. त्यांनी धुराच्या वासाची व्हिस्की आणली होती, कारण तिला म्हणे प्रयोगशाळेच्या जुन्या कपाटाचा वास येतो. ते कपाट आता त्यांना कोणी उघडू देत नाही. मास्तर बोलायला लागले की गाडीला ब्रेक नाही. विमावाल्याने टोमणा मारला की मास्तर, घंटा होऊन गेली, पोरं घरी पोचली. मग त्याची पाळी. दुकानदार म्हणाला शेवटचा नग आहे, म्हणून घेतली. सगळे हसले. तो दुकानदार चार वर्षं ह्याला शेवटचाच नग विकत होता. डॉक्टरही हसला, पण हात टेबलाखालीच.

डॉक्टरची पाळी आली. बाटली उचलायची, उजेडात धरायची, मग बोलायचं, ही त्याचीच रीत. आज त्याने ती नुसती हनुवटीने दाखवली.

बारा वर्षं पिंपात मुरलीय, लाकूड चांगलं होतं, एवढंच तो बोलला. लाकडावर अर्धा तास बोलणारा माणूस एका वाक्यात उरकला. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता.

"चल घड्याळ्या, आटप तुझं."

घड्याळजी मुद्दाम थांबला. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्याचं पोट हातावर चाललेलं. थरथर त्याला कोणी शिकवायला नको. वयाची वेगळी, थंडीची वेगळी, भीतीची वेगळी. डॉक्टरची ह्या तिन्हींतली नव्हती. पहिला पेला पोटात गेला की ती थांबायची. तीन महिने तो हे बघत होता. हलवल्यावर चालणाऱ्या घड्याळाला कोणी चांगलं म्हणत नाही. एकदा जिन्यात एकट्याला गाठून त्याने विचारलंही होतं. डॉक्टरने पाठीवर थाप मारली. वय झालं रे, उपाशीपोटी होतं असं, म्हणाला.

आणि उद्या सकाळी आठ वाजता हाच हात घड्याळजीच्या मुलीच्या डोळ्यात जाणार होता. तिचा उजवा डोळा लहानपणीच गेलेला. डाव्याचा पडदा सुटत चाललेला. आठवड्याच्या आत ऑपरेशन झालं नाही तर कायमचा अंधार. दुसऱ्या गावच्या सर्जनने बुधवारची वेळ दिली होती. ती चिठ्ठी घड्याळजीच्या खिशात होती आणि तिची कोणाला खबर नव्हती. मुलीचं एकच. काकाच करतील. त्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलंय.

नुसत्या संशयावर जन्माच्या मित्राच्या नावाला काळं फासायचं कसं? गप्प बसून पोरीचा डोळा पणाला लावायचा तरी कसा? दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेवटी घड्याळजीने ठरवलं, चारचौघांत त्याचा असा अपमान करायचा की निर्दोष माणूस उठून कानफटातच देईल. त्याला आज ती थोबाडीत हवी होती. ती बसली की सगळ्यांसमोर माफी मागायची आणि उद्या पोरीला निर्धास्त घेऊन यायचं.

त्याने पिशवीतून एक क्वार्टर काढली. सगळ्यात स्वस्तातली, प्लास्टिकच्या झाकणाची.

"ही काय पेले विसळायला आणलीस?" विमावाला म्हणाला.

मास्तरांनी हात वर करून त्याला गप्प केलं. नियम म्हणजे नियम, आधी कारण ऐकू या, म्हणाले.

घड्याळजीने क्वार्टर डॉक्टरसमोर सरकवली. "उद्या आठला माझ्या पोरीचं ऑपरेशन आहे. त्याआधी तुझा हात थांबावा म्हणून घेतली."

कोणी हसलं नाही. कोणी रागावलंही नाही. विमावाला स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली. अरे, काय बोलतोस हे, एवढंसुद्धा कोणाच्या तोंडून निघालं नाही. म्हणजे ह्यांनाही ठाऊक होतं. ठाऊक असून हे कारणं ऐकत बसले होते.

डॉक्टर उठला. टेबलाला वळसा घालून जवळ आला. मार बाबा, घड्याळजी मनात म्हणाला. मार एकदाची. त्याने गाल पुढे केला आणि डोळे मिटले.

हात आला तो खांद्यावर. त्याची थरथर सदऱ्यातून थेट हाडापर्यंत पोचली.

"एवढा काय घाबरतोस? ती बाटली घरी ने," पेशंटच्या नातेवाइकांना धीर देतात तशा मायेने डॉक्टर त्याच्या कानाशी म्हणाला. "उद्याची मी घेऊन ठेवलीय."